अकरा खिळे आणि एक क्रियापद

आमच्या चाळीत कोपऱ्याच्या खोलीत राहणारे मास्तर उभ्या जन्मात एकाच गोष्टीच्या मागे लागले. ती म्हणजे इंग्रजीतलं ‘टेक’ हे क्रियापद. त्यांना बाकीचं इंग्रजीही येत असणार, त्याशिवाय का कल्याणच्या शाळेने त्यांना ठेवून घेतलं होतं? पण बाकीच्या इंग्रजीशी त्यांची ओळख रामराम करण्यापुरती होती.

चाळ म्हणजे तरी काय, माझ्या वडिलांनी डोंबिवलीत आपल्या भातशेताच्या कडेला बांधलेल्या सहा खोल्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. खाडीच्या अंगाला मिठागर आणि इकडे भात, एवढंच आमचं जग. लढाई संपल्यावर देशावरून आणि कोकणातून शिकलेली मंडळी बिऱ्हाडासाठी जागा शोधत यायला लागली, तेव्हा बाबांनी खोल्या बांधल्या. त्यातली पहिली मास्तरांनी घेतली.

मास्तर काठीसारखे सरळ आणि तेवढेच जाड. काळी टोपी, धोतर, बंद गळ्याचा कोट आणि बाराही महिने हातात छत्री. वैशाखात छत्री कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, “पाऊस सांगून येत नाही आणि हेडमास्तरही.” लग्न केलेलं नव्हतं. तीन नंबरच्या खोलीतल्या काकू म्हणायच्या, “त्यांचं लागलंय की क्रियापदाशी. आता सवतीवर कोण मुलगी देणार?”

टेकचे अर्थ किती, हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं, कारण रोज नवा सापडायचा. ते ठेवायला त्यांनी माझ्या आईकडून जुन्या लुगड्याचा एक पडदा शिवून घेतला होता. त्याला ओळीने खिसे होते. एक खिसा म्हणजे एक अर्थ. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात वाक्य लिहायचं आणि त्या त्या खिशात सोडायचं, हा त्यांचा संध्याकाळचा उद्योग. गावात कुठेही लग्न झालं की उरलेल्या पत्रिका लोक आपणहून मास्तरांकडे आणून देत. आमच्याकडच्या कितीतरी नवरानवरींच्या पाठीवर इंग्रजी वाक्यं आहेत ती त्यामुळेच.

त्यांचा दुसरा नेम याहून विचित्र होता. नुसता अर्थ लक्षात राहत नाही, त्याला माणूस लागतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून प्रत्येक अर्थाला त्यांनी गावातला एकेक मालक नेमला होता. ‘वेळ घेणे’ हा अर्थ स्टेशनाजवळच्या म्हाताऱ्या न्हाव्याचा, कारण तो अर्धी दाढी झाली की पानाला चुना लावायला बसे. ‘मनाला लावून घेणे’ हा अर्थ काकूंचा. काकूंना हे कळलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. “म्हणजे? मी मनाला लावून घेते असं म्हणायचंय का तुम्हाला?” पुढचे आठ दिवस त्यांनी मास्तरांकडे आमटीची वाटी पाठवली नाही. मास्तरांनी तेही वाक्य करून खिशात टाकलं.

न्हावी वारला तेव्हा त्याचा अर्थ रिकामा झाला. आम्ही पोरींनी चार-पाच नावं सुचवली, पण मास्तर ऐकेनात. “तेरा दिवस होऊ देत,” म्हणाले. चौदाव्या दिवशी त्यांनी तो अर्थ पोस्टमनला दिला.

मला मिळाला होता ‘कुणाच्या तरी वळणावर जाणे’ हा अर्थ. मला तो मुळीच आवडला नव्हता. मी कुरकुरले तेव्हा मास्तर म्हणाले, “तू वडिलांच्या वळणावर गेली आहेस, त्याला मी काय करू? नाक त्यांचं, हट्ट त्यांचा. फक्त ऐकलेल्या गोष्टीला तिखटमीठ लावायची खोड तुझी स्वतःची. मिठागराची मुलगी, तुला मिठाचा काय तोटा?”

एकदा मी त्यांना म्हटलं, “मास्तर, आपलं ‘घेणे’ काय कमी आहे का? आपण चहा घेतो, दम घेतो, आळ घेतो, सूड घेतो, धडा घेतो. जेवायला बसलेल्याला वाढताना वर ‘घ्या हो, लाजू नका’ म्हणतो.” मास्तरांचा चेहरा असा खुलला की त्या दिवशी त्यांनी मला अख्खा पेरू दिला. एरवी ते अर्धाच देत.

इंग्रज गेल्याला फार दिवस झाले नव्हते आणि इंग्रजीला वाईट दिवस आले होते. सरकारने ती आठवीपर्यंत आमच्या वाऱ्यालाही उभी राहू द्यायची नाही असं ठरवलं होतं. बाजारात कुणीतरी मास्तरांना डिवचायचं, “काय मास्तर, इंग्रज गेला, आता इंग्रजी कशाला?” मास्तर शांतपणे विचारत, “चहा सोडलात का?”

आठवी ते अकरावी अशी इंग्रजीला जेमतेम चार वर्षं मिळायची. त्यातलं एक आख्खं वर्ष मास्तर टेकला देत. बाहेरून पेपर तपासायला आलेल्या एका परीक्षकाने शेरा मारला होता, की या शाळेतली मुलं इंग्रजीत घेण्याखेरीज दुसरं काहीच करत नाहीत. हेडमास्तर संतापले. मास्तरांनी तो शेरा उतरवून घेतला आणि आम्हाला वर्गात वाचून दाखवला, एखादं प्रशस्तिपत्र वाचावं तसा.

मी त्या वर्गात होते हीच मुळात नवलाची गोष्ट. आमच्या आळीतली एकही मुलगी गाडीत बसून कल्याणला शिकायला जात नव्हती. चौथी झाली की मुलगी शेतावर, आणि थोडी उंच दिसायला लागली की सासरी. माझंही तेच व्हायचं. पण मास्तर एके दिवशी बाबांना म्हणाले, “पाटील, माझ्याबरोबर जाईल, माझ्याबरोबर परत येईल. पाठवा.”

बाबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “तुज्यासंगं जात असंल तं जाऊं दे. पन तू नसशील त्या दिवशी पोर घरान.”

आमच्या बोलीत देवालाही तू आणि मास्तरांनाही तू. काकूंना ते ऐकून कसंसंच होई. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. ते बाबांना अहो-जाहो करत, बाबा त्यांना अरे-तुरे करत, आणि दोघांचंही चांगलं चाललं होतं. माझी शाळा अशी मास्तरांच्या छत्रीला बांधलेली होती. मास्तर नसतील तर शाळा नाही, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

बाबांना अक्षरओळख नव्हती, पण शाळेवर त्यांची नजर शाळा-तपासनिसापेक्षा कडक. संध्याकाळी ओट्यावर काथ्याची दोरी वळता वळता ते मला समोर बसवत. “शाळेन जातंस तं आमाला बी दे थोडी. काय शिकलीस, सांग.” मग मी दिवसभराचं सगळं आमच्या बोलीत सांगायची. भूगोल त्यांना आवडे. गणित ते ऐकून सोडून देत. इंग्रजी मात्र कशी सांगणार? मग मी तिची गोष्ट करायची. मास्तर म्हणाले ते खोटं नव्हतं. माझ्या हातून मीठ जास्त पडायचं.

दहावीत होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मास्तरांनी आम्हाला टेकचं मूळ सांगितलं होतं. हा शब्द इंग्रजांच्या घरचा नव्हेच. समुद्रापलीकडून होड्यांतून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांनी तो आणला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ आधी नुसता हात लावणे. मग धरणे. मग घेणे. इंग्रजांचा स्वतःचा घेण्याचा शब्द निराळाच होता, निमन नावाचा. टेक आला, पसरला, आणि निमनला हळूहळू जागाच उरली नाही. शेवटी शेवटी तो फक्त भुरट्या चोरीसाठी वापरत. आणि थंडीने हातपाय बधिर झाले की इंग्रज आजही जो ‘नम’ शब्द वापरतात, तो त्या निमनचाच उरलासुरला वंशज. हे सांगताना मास्तरांचा आवाज जरा ओला झाला होता. टेकवर त्यांचं प्रेम होतं, पण निमनची त्यांना दया येत असे.

संध्याकाळी ओट्यावर बाबा होते, आई तांदूळ निवडत होती. मी सुरुवात केली. म्हटलं, खाडीकाठी एक मालक होता, निमन पाटील. त्याच्या घरान एक भाडेकरू आला, टेक त्याचा नाव. चष्मा, टोपी, हातान छत्री. आधी त्याने भिंतीला नुसता हात लावला. मग एक खिळा मारला. मग दुसरा मारला. मग खाट पडवीत आणली. मग पडवीला कुडाची भिंत घातली. आणि निमन पाटलाला काही कळायच्या आत तो स्वतःच्याच गोठ्यात राहायला गेला. मी मास्तरांसारखी मान हलवून, छत्री टेकत टेकत खिळे मारून दाखवत होते. आईच्या हातातल्या सुपातले तांदूळ सांडले इतकी ती हसली.

बाबा हसले नाहीत. दोरीचा पीळ त्यांच्या हातात तसाच राहिला.

“मंग त्या जुन्या मालकाचा काय जाला?”

“गोठ्यान ऱ्हाला. थंडीन हातपाय बधिर जाले त्याचे. मंग चोऱ्या कराया लागला.”

“आपल्याच घरान?”

“आपल्याच घरान.”

“आन ह्यो समदा मास्तरानी सांगितला?”

इथे मी थांबायला हवं होतं. खिळे माझे होते, खाट माझी होती, गोठाही माझाच होता. पण गोष्ट रंगली होती आणि मी पंधरा वर्षांची होते. “हो तं,” म्हटलं, “मास्तरानीच.”

माझं दुर्दैव असं की त्याच आठवड्यात मास्तरांचा पहिला पडदा भरला. त्यांनी दुसरा शिवून घेतला आणि तो टांगायला रविवारी सकाळी खिळे मारायला बसले. ठक ठक आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. बाबा ओट्यावर बसून मोजत होते. अकरा झाले. दुपारी मास्तर आले आणि अगदी अदबीने म्हणाले, “पाटील, पुस्तकांना खोलीत जागा पुरेना. बाहेर पडवीत एक फळी ठोकू का?”

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. पडवी ऐकल्यावर ते एकदम उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्याला एका वकिलाकडे गेले. भाडेकरूंसाठी नवा कायदा झाला होता आणि सगळे चाळमालक त्याला भुतासारखं भीत होते. वकिलाने सांगितलं, खोली तुमच्या नावावर असली तरी तो माणूस आपणहून निघाल्याशिवाय तुम्हाला त्याला हलवणं सोपं नाही. बाबा परत आले ते सरळ कोपऱ्याच्या खोलीसमोर जाऊन उभे राहिले. मी मागे मागे गेले.

“मास्तर, खोली खाली कर.”

मास्तर पत्रिकेवर काहीतरी लिहीत होते. त्यांनी चष्मा काढला. “का हो, पाटील? माझं काही चुकलं का?”

“तूच पोरीला सांगितलास ना? आदी हात लावाचा, मंग खिला मारायचा, मंग पडवी, मंग मालक गोठ्यान. मी अडानी हाय, पन बहिरा नाय.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, नाव आठवत नसलं की आपण पाहतो तेवढाच वेळ. मला वाटलं, आता हे सांगणार, की पाटील, खिळ्याचं मी बोललोच नाही. पण ते बाबांकडे वळले आणि म्हणाले, “मुदत किती देता?”

“आवशेपतूर.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

चाळीतली सगळी बिऱ्हाडं त्यांच्या खोलीत जमली. काकू तर आमटीचं वैर विसरून सगळ्यात पुढे होत्या. “हलायचं नाही तुम्ही! कायदा आपल्या बाजूने आहे. आज तुम्ही, उद्या आम्ही!”

“कायदा माझ्या बाजूने आहे हे खरं,” मास्तर म्हणाले, “पण त्यांना मी नको झालो आहे, तेही खरंच आहे ना?”

अमावास्येला आठ दिवस होते. मास्तर चौथ्या दिवशीच गेले. एक ट्रंक, एक वळकटी आणि दोन पडदे. खडवलीला नदीकाठी एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्यांना पडवी दिली होती. जाताना त्यांनी खिळे उपटून भोकं चुन्याने बुजवली. भांडणाची तयारी करून बसलेल्या बाबांच्या हातात त्यांनी किल्ली ठेवली, नमस्कार केला आणि गेले.

मी घरात पालथी पडून रडले. मास्तरांसाठी रडले असं मी पुढे अनेकांना सांगितलं, पण खरं सांगायचं तर मी शाळेसाठी रडत होते. बाबांना खरं सांगावं असं शंभरदा मनात आलं आणि शंभरदा जीभ चावली. शाळेत जाऊन ही खोटं रचायला शिकली, असं म्हणून त्यांनी मला त्याच पावली घरी बसवलं असतं. मी भित्री होते. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर कोपऱ्यात ठेवून चूल सारवत होते. ओट्यावर छत्री टेकल्याचा आवाज आला.

“चल गं, गाडी चुकेल.”

बाबा अंगणातच होते. “तू खडवलीशी आलास?”

“हो. पहाटेची गाडी बरी मिळते.” खडवलीहून कल्याणला यायचं, तिथे शाळा असताना न उतरता पुढे डोंबिवलीला यायचं, मला घ्यायचं आणि परत मागे कल्याणला जायचं, असा तो द्राविडी प्राणायाम होता. मास्तर म्हणाले, “पाटील, तुम्ही खोली सोडायला सांगितलंत. सोबत सोडायला नव्हतं सांगितलं.”

यातली गंमत मला पुढे मोठेपणी कळली. ज्या माणसावर खोलीसाठी भरवसा नव्हता, त्याच्या हवाली पोर करायला बाबांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

दीड वर्ष मास्तर रोज आले. एकदा कल्याणच्या पुढे गाड्याच बंद होत्या, तर रुळांच्या कडेने चालत आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, पण टोपी सरळ. आई त्यांच्यासाठी भाकरी ठेवायला लागली. ते ओट्यावर बसून खात, आत कधी आले नाहीत. आणि ते यायची वेळ झाली की बाबांना नेमकं शेतावर काम निघे. पेरणी असो नसो, कापणी असो नसो, बाबा त्या वेळी बांधावर. कोपऱ्याची खोली रिकामीच राहिली. कुणी विचारायला आलं की बाबा सांगत, “उंदीर जालेत तिथं.” उंदीर आम्ही कुणी पाहिले नाहीत.

अकरावीचा निकाल लागला आणि मी पास झाले. आळीतले लोक मला बघायला आले, नवी बैलजोडी बघायला येतात तसे. बाबांनी कुणाशी काही न बोलता घरच्या तांदळाची गोणपाटाची पिशवी बांधली, खांद्यावर टाकली आणि मला म्हणाले, “चल. मास्तराला सांगूं.”

खडवलीला मास्तर पडवीत बसले होते. मी पाया पडले. “इंग्रजीत किती?” त्यांनी पहिलं विचारलं.

“काठावर.”

“काठावर का होईना, पलीकडे लागलीस.” ते इतके हसले की त्यांना खोकला आला. बाबांनी तांदूळ ठेवले आणि पाय धुऊन येतो म्हणून नदीकडे गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मी खाली मान घालून सगळं सांगितलं. खिळे, खाट, पडवी, गोठा, आणि शेवटचं ते ‘मास्तरानीच’.

“ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले.

“केव्हापासून?”

“त्याच दिवसापासून. खिळ्यांची गोष्ट मी सांगितलेली नाही, मग ती तुझ्या वडिलांच्या कानात शिरली कुठून? चाळीत एवढं मीठ दुसऱ्या कुणाकडे होतं?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “बोललो असतो तर खोली राहिली असती. तुझी शाळा राहिली असती का?” आणि मला रडू फुटतंय असं दिसल्यावर घाईघाईने म्हणाले, “शिवाय गोष्ट माझ्यापेक्षा तू बरी रचली होतीस. त्याचाच मला जास्त राग आला होता.”

परतताना स्टेशनाच्या वाटेवर बाबा पुढे आणि मी मागे चालत होतो. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा मी म्हटलं, “बाबा, थांबा जरा.” आणि त्यांनाही सगळं सांगितलं. आता शाळा संपली होती. बाबा मारतील तर मारोत, असं मी मनाशी ठरवलं होतं.

बाबा मारायला हात उचलतील म्हणून मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ते माझ्याकडे पाहतही नव्हते.

“दीड वरीस तो रोज आला,” ते म्हणाले. “आन मी रोज शेतावर पलालू.”

गाडी येताना दिसत होती. बाबा वळले आणि आलेल्या वाटेने परत निघाले. “बाबा, गाडी!” मी ओरडले. “जाऊं दे गाडी,” ते मागे न बघता म्हणाले. मी जवळजवळ पळत होते तरी ते मला गाठू देत नव्हते.

मास्तर पडवीतच होते. तांदळाची पिशवी कुठे ठेवावी या विचारात ती हातात घेऊन उभे होते. बाबांना धापा टाकत आलेलं पाहून ते दचकले.

“काय हो पाटील, काही राहिलं का?”

बाबांनी त्यांच्या हातातली पिशवी काढून परत आपल्या खांद्यावर टाकली.

“तू ऱ्हालास,” ते म्हणाले. “चल घरी.”